इंजिन थंड होईतो घातलेल्या वेढ्याची हकीकत

राजमान्य वाचक हुजुरांचे सेवेसी लेखकाचे विज्ञापन ऐसे जे, जुनी मोटरबोट खरेदी करावयाची जी मोहीम घड्याळजींनी मागल्या रविवारी केली, तिची हकीकत चौकातले सलूनवाले गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून भलतीच सांगतात, आणि वस्तरा मानेवर असता खोटे म्हणावयाची कोणाची छाती होत नाही, सबब खरे काय घडले ते यथास्थित लिहून ठेवणे प्राप्त जाहले. लेखक स्वतः तेथे हजर नव्हता. बखर लिहिणारे कधीच हजर नसतात. म्हणोनच त्यांस सर्व ठाऊक असते.

प्रथम घराण्याचे वर्तमान. घड्याळजी म्हणजे जिन्याखालच्या चार हात दुकानात बसून, डोळ्यास भिंग लावून, लोकांची बंद पडलेली घड्याळे चालती करणारे मातबर असामी. हात ऐसा की मुंगीच्या पायाएवढा स्क्रू चिमट्याने अलगद उचलावा. परंतु चिमट्यात न मावणारी वस्तू खरेदी केली की दगा ठरलेला. पूर्वी एक स्कूटर आणिली, ती फक्त उतारावर चाले. मग एक शिलाई मशीन आणिले, ते शिवण्यापेक्षा उसवण्यात तरबेज निघाले. तरी ठोका ऐकला की यंत्राचा रोग आपण ओळखतो, हा त्यांचा बाणा काही केल्या मोडेना. घराचा कुल कारभार त्यांची धर्मपत्नी कारभारीणबाई यांजकडे होता, आणि तो तेथे होता म्हणोनच घर चालत होते.

मोहिमेचे कारण ऐसे. कारभारीणबाईंची धाकटी बहीण खाडीच्या पैलतीरी दिली होती. पूर्वी दोन्ही तीरांमध्ये लाँच चाले, आणि वीस मिनिटांत बहीण बहिणीच्या दारी पोचे. दोन वर्षांमागे लाँच बंद जाहली, आणि जमिनीने वळसा घालोन जावे तर दोन बस, चार तास, आणि उतरल्यावर पाठीचे मणके जागच्या जागी आहेत की नाहीत याचा शोध. मग धाकटीचे गुडघे धरले आणि येणेजाणे खुंटले. खिडकीतून तिची गच्ची तेवढी दिसे. फोनवर बोलणे रोजचे होई, परंतु एके दिवशी कारभारीणबाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझं धुणं दिसतं गं रोज, तू दिसत नाहीस," आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. घड्याळजींनी ते ऐकिले आणि त्यांच्या काळजास घरे पडली. त्याच घडीस मनसुबा ठरला की बोट घ्यावी.

नवी घ्यावी इतका खजिना नव्हता. मग जासुदांनी खबर आणिली की धक्क्यावरचे एक बोटवाले आपली मोटरबोट विकणार आहेत. फायबरची, बारा हात लांब, निळा रंग जेथे उरला तेथे निळी, आणि मागे पेट्रोलचे इंजिन, वयाने घड्याळजींच्या लग्नाएवढे. मसलत बसली, आणि तीत कारभारीणबाईंचे फर्मान सुटले ते अक्षरशः येणेप्रमाणे: "मी येणार. तुम्ही एकटे गेलात तर बोटीबरोबर धक्काही विकत घेऊन याल."

रविवारी सकाळी कूच जाहले. बरोबर सतरंजी, डबा, चहाचा थर्मास, आणि घड्याळजींची हत्यारांची पेटी, जी ते लग्नकार्यातही खाली ठेवीत नसत. बोटवाले जिभेने गोड आणि मनाने हिकमती. पत्र्याच्या शेडखाली बोट पाण्यात उभी होती, तेथे त्यांनी पाहुण्यांस नेले, आणि दोघे पुरुष एकमेकांची तारीफ करण्यात गुंतले असता कारभारीणबाईंनी इंजिनाच्या झाकणाखाली हात घालोन हाताची पाठ लोखंडावर टेकविली, जशी पोराच्या कपाळावर टेकवावी तशी. हे कोणाच्या नजरेस आले नाही. मग बोटवाल्यांनी दोरी धरोन एकच हिसका दिला, आणि इंजिन जे गर्जले, त्याने घड्याळजींचे भान हरपले. त्यांनी कान लावून ठोके ऐकिले, डोळे मिटिले, मान डोलाविली, इंजिन ठणठणीत असल्याचा निवाडा दिला आणि पैशाकरिता खिशात हात घातला. मोहीम तेथेच बुडती.

परंतु बाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "याच्या अंगात ताप होता. तुम्ही दोरी ओढायच्या आधीपासून."

"उन्हानं तापलं असेल हो, वहिनी," बोटवाले म्हणाले.

बाईंनी मान वर करोन पत्र्याकडे पाहिले. बोटवाल्यांनीही पाहिले. पत्रा जागच्या जागी होता आणि खाली सावली होती. यातले इंगित ऐसे की म्हातारे इंजिन गरम असले म्हणजे एका हिसक्यास उठते, आणि थंड असले म्हणजे घाम काढते. सबब गिऱ्हाईक येण्यापूर्वी ते चालवून तापवून ठेवावे, हा विकणाऱ्यांचा जुना डाव. बाईंनी हुकूम केला की इंजिन थंड होऊ द्यावे, मग पुन्हा दोरी ओढावी, तोवर कोणी जागचे हलू नये. आणि धक्क्यावर सतरंजी अंथरोन वेढा घातला.

वेढा तीन तास चालला. बोटवाल्यांनी कळविले की दुपार होईल. बाईंनी उलट कळविले की डबा आणला आहे. बोटवाल्यांनी कळविले की दुसरे गिऱ्हाईक येणार आहे. उत्तर गेले की येऊ दे, त्यासही सांगते. मग बोटवाल्यांनी फितुरीचा मार्ग धरिला, आणि मनगटावरचे बंद पडलेले घड्याळ काढोन घड्याळजींपुढे केले. घड्याळजींनी भिंग चढविले, पेटी उघडली, आणि घटकाभरात अर्धे गनिमास मिळाले; म्हणू लागले की माणूस बरा दिसतो. तेव्हा सतरंजीवरून फर्मान आले: "तुम्ही घड्याळ बघा. माणूस मी बघते." बाई अर्ध्या अर्ध्या तासाने उठत, इंजिनास हात लावीत आणि जाहीर करीत, "अजून कणकण आहे." शेवटी एकदा म्हणाल्या, "उतरला."

मग युद्धास तोंड लागले. बोटवाल्यांनी अकरा हिसके दिले, इंजिन खोकलेसुद्धा नाही. घड्याळजींनी बाह्या सारून दोरी धरिली, आणि तिसऱ्या हिसक्यास बोटीच्या तळातल्या पाण्यात बसते जाहले. आपण ठणठणीत म्हटलेले इंजिन ते हेच, आणि हे भर खाडीत बंद पडते आणि बोटीत बायको असती तर, हा विचार मनी येऊन ते बहुत खजील जाहले. पैलतीरावर गच्ची दिसत होती. बाईंनी तिकडे एकदा पाहिले, आणि सतरंजीची घडी घालू लागल्या, आणि हळूच म्हणाल्या, "चला. नाही तर नाही."

तो आवाज घड्याळजींच्याने सोसवेना. ते ओल्या विजारीने उठले आणि त्यांनी इंजिनाचा प्लग मागितला. प्लग काढिला तो काजळीने काळाठिक्कर. त्यांनी भिंग लाविले, मांडी घातली, ब्रशाने काजळी झाडिली, बारीक कानशीने टोके उजळली, आणि ठिणगी पडावयाची फट नुसत्या नजरेने बसविली, कारण याहून बारीक फटी बसविण्यात त्यांचा जन्म गेला होता. ही वस्तू चिमट्यात मावणारी होती. ते पाहोन बोटवाल्यांचे मन पालटले, आणि ते खरे बोलू लागले: "सकाळी अर्धा तास छळतं हो, खोटं कशाला बोलू. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा कडक होईस्तोवर दाबायचा, चोक पूर्ण ओढायचा, तीनदा दोरी, मग चोक अर्धा, मग चौथा हिसका जोरात."

दोरी बाईंनी आपल्या हाती घेतली. पदर खोचला, तीन हिसके दिले, चोक अर्धा केला, आणि चौथा हिसका ऐसा दिला की इंजिन शिंकले, खोकले, आणि गर्जू लागले. पांढऱ्या धुराने शेड भरोन गेली. तिघे खोकत होते आणि तिघे हसत होते.

मग तह जाहला. किंमत चौथाईने उतरली. दोन वल्ही आणि नांगर बोटीबरोबर मिळाले. आणि तिसरे कलम बाईंनी घातले की पहिल्या फेरीस बोटवाल्यांनी ओलीस म्हणोन बोटीत बसावे. भर खाडीत इंजिन एकदा अडखळले, तेव्हा ओलिसाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो पाहोन बाईंस उमगले की किंमत अजून उतरवता आली असती.

पैलतीरी धाकटी, फोनवर वर्दी मिळाल्याने, पायऱ्यांवर गुडघा धरोन उभी होती. थोरली उतरली. दोघी एकमेकींस पाहत राहिल्या.

"केस किती पिकले गं तुझे!"

"तुझे मोठे काळे राहिलेत!"

आणि दोघी गळ्यात गळा घालोन रडू लागल्या. घड्याळजी बोटीतच राहिले. बंद केले आणि पुन्हा उठले नाही तर परत कसे जावे, या धास्तीने त्यांची इंजिन बंद करावयाची हिंमत होईना. ओलिसाचाही सल्ला तोच पडला. तेव्हा धाकटीच्या खांद्यावरून, मान न वळविता, शेवटचे फर्मान सुटले: "बंद करा ते. आज मी कुठे जात नाही."

घड्याळजींनी इंजिन बंद केले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, बोट एक आणि बहीण एक हाती आली, हे सलूनवाल्यांसह सर्वांनी ध्यानी घ्यावे. ओलिसास जेवू घालोन बसने परत धाडिले. इंजिन पायरीशी हळूहळू थंड होत गेले, आणि त्यास हात लावून पाहावयास कोणी उठले नाही.