मोरीतला पन्नासावा दगड

ठण्ण करून तांब्या दगडावर पडला. दुपारच्या निजलेल्या घरात तेवढाच आवाज. पाच वर्षांच्या तुळजाला आत्ताच थोपटून झोपवलं होतं. रेणुकानं कान दिला, पोर हलली नाही. तांब्या उचलताना धुण्याचा दगड डुगडुगला आणि कडेला पिवळा रंग दिसला. तिनं दगड उलटा केला. खाली कन्नडमध्ये लिहिलेलं: ‘इथे गॅसचा पाइप आहे. खणू नये.’

कर्नाटकातल्या मुडबी गावच्या शिवारातून गॅसची लाइन गेली होती. तिच्यावर रोवायचे पन्नास दगड करून देण्याचं काम तिच्या नवऱ्याच्या, व्यंकटच्या दोन माणसांच्या कंपनीला मिळालं होतं. दुसरा माणूस म्हणजे रेणुका. रोवताना एक कमी भरला, तेव्हा व्यंकटनं दगड वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला चार दिवस शिव्या घातल्या होत्या. दगडांचा साचा गॅस कंपनीनं परत नेलेला, नवा करायची सोय नव्हती. आज गॅस कंपनीचे साहेब शिवारात दगड मोजायला आले होते. पन्नास भरले तरच पुढचं काम.

“आत्याबाई, ह्यो दगड कुठनं आणलाव?”

“अंगणातनं. ढीग तर पडला होता,” सासू नागूबाई म्हणाली. “कामून?”

रेणुकानं दगड धुऊन भिंतीला उभा केला आणि व्यंकटला तीन मिस कॉल दिले. तेवढ्यात शेजारची मल्लव्वा विरजण मागायला आली. तिला कन्नड वाचता येत होतं, हीच अडचण झाली.

“अगं बया. तुमच्या मोरीखालनं ग्यास जायलाय व्हय?”

सासूनं कंपनीचा दगड उचलला, हे सासूदेखत सांगायचं, आणि तेही मल्लव्वाला, म्हणजे गोष्ट चिटगुप्प्याच्या बाजारापर्यंत जाणार. “सायेबास्नी इचारते, अक्का,” रेणुका कशीबशी म्हणाली.

मल्लव्वा विरजण विसरून गेली. घटकाभरात गल्लीतल्या सगळ्या चुलींवर पाणी पडलं. सावित्रीबाईची भाकरी तव्यावर अर्धी राहिली. काशाप्पाच्या तोंडातली बिडी तर सुनेनंच काढून घेतली.

एकोणपन्नास दगड मोजून, उतरलेल्या तोंडाच्या व्यंकटबरोबर साहेब चहाला आले.

“चहा न्हाई मिळायचा, सायेब,” मल्लव्वानं रस्त्यातच सांगितलं. “खाली ग्यास हाय.”

साहेब आत आले. मोरीत दगड उभा. साहेबांनी व्यंकटकडे पाहिलं, व्यंकटनं रेणुकाकडे, रेणुकानं सासूकडे. नागूबाई आढ्याकडे बघत होती.

“तिकडं एका दगडाला म्हैस बांधलीया, दुसऱ्यावर गोवऱ्या थापल्याती,” साहेब सावकाश म्हणाले. “हितं एक दगड, अन् गल्ली गार. कुणी सांगितलं लोकांला?”

“ह्यांच्या रेणुकानं,” मल्लव्वा दारातून म्हणाली.

“गावोगाव समजावून सांगायचं काम निघायलंय. त्ये बी तुमच्याच कंपनीला देऊ. बाईंनी बोलायचं.” साहेबांनी पेन काढलं आणि कागदावर पन्नास लिहिलं. सही तेवढी राहिली.

गलक्यानं तुळजा उठून आली. गालावर गोधडीचे टाके उमटलेले. तिनं आईचा पदर धरला. दारात सगळी गल्ली उभी होती.

“आई, आपल्या मोरीखाली ग्यास हाय, का न्हाई?”