बी विंगचा चिमणा

लग्नात कुणी "चिमणा-चिमणीसारखा संसार करा" असा आशीर्वाद दिला, की आमचे शेजारी म्हात्रेकाका खुर्चीतून ओरडतात, "चिमन्यांसारका नको! दुसरा काय तरी बोला!" उलव्यातली कितीतरी लग्नं त्यांनी अशी गाजवली आहेत. आमच्या सोसायटीतले लोक त्यांना पत्रिका देतात, पण मनापासून देत नाहीत.

काका इथलेच. त्यांच्या भातशेतीवरच आमची बिल्डिंग उभी आहे, त्यामुळे त्यांना गप्प बसवणार कोण? सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरात कंटेनरची सीलं तपासण्यात गेली. "सील पक्का हाय म्हनून आतला माल तोच, आसा समजू नका," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. रिटायर झाल्यावर त्यांनी बाल्कनीत चिमण्यांसाठी खोकं टांगलं आणि तपासणी पुढे चालू ठेवली.

एका सकाळी दार ठोठावून मला बोलावून नेलं. खोक्यावर चिमणा इमानदारीत पहारा देत होता. त्याची चिमणी मात्र बी विंगच्या ग्रिलवर भलत्याच चिमण्याबरोबर रंगात आली होती.

"बगलंस, बाय? संसार इथं, भानगड तिथं! आता खोक्यातली पिल्लं कोनाची?"

मला पटेना. मोबाइलवर शोधलं, तर खरंच, जोडीनं राहणाऱ्या पक्ष्यांत हे सर्रास चालतं.

"काका, मग या बिचाऱ्याला कळत नसेल?"

"त्याला कोन इचारनार? त्यो काय करतं, ता बग."

चिमणा अळी घेऊन आला. खोक्यातून चोचीच चोची बाहेर आल्या. "चोच उगडली का भरवतं," काका म्हणाले. "माल कोनाचा, ता नाय इचारत."

पुढे त्यांच्या लेकीचं, सायलीचं, लग्न ठरलं. पहिल्या नवऱ्यानं टाकल्यावर काकू तान्ह्या सायलीला घेऊन काकांच्या घरी नांदायला आल्या होत्या. गावाला हे ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. नवरदेवाच्या मामांनी मात्र विषय काढलाच. कन्यादान सख्ख्या बापानंच करायला हवं म्हणे! एवढी वर्षं तोंड न दाखवलेला तो बाप लग्नाच्या दिवशी कळंबोलीहून नवा सफारी घालून हजर झाला. काका उठून जेवणाचं बघायला निघून गेले. या माणसानं आता तरी ओरडावं, असं मला फार वाटलं.

भटजींनी वधूपित्याला हाक मारली. सफारी पुढे सरसावला. सायलीनं हात मागे घेतला.

"माझे बाबा तिकडं जेवनाचं बघतायत. त्यांना बोलवा. तोवर लगीन थांबंल."

काका आले, ते हाताला लागलेलं वरण पुसतच. कन्यादान त्यांनीच केलं, आणि आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले.

नवरदेवाच्या आत्याबाई काकांच्या ओरडण्याला नवख्या. त्यांनी अक्षता टाकत मोठ्यानं आशीर्वाद दिला, "चिमणा-चिमणीसारखा संसार करा!"

सगळा मांडव काकांकडे वळला.

"करा, करा," काका म्हणाले. "चिमना बाप चांगला आसतं."