राखीव पोकळा

धुळ्याच्या आमच्या कॉलनीत रोज सकाळी टण् टण् असे दोन टोले पडतात. देऊळ नव्हे, शाळाही नव्हे. रघुनाना पोकळा खुडायला बसले! नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. पालथ्या बादलीवर विळ्यानं डबल बेल दिल्याशिवाय त्यांचा हात भाजीला लागत नाही.

परसातला वाफा म्हणजे त्यांची गाडीच. रोपं दाट झाली की "पुढे सरका, पुढे सरका!" असं ओरडत विरळणी करतात. मी जुडी मागितली की हात पसरून विचारतात, "सुट्टं शे का?" आणि फुकट देतात.

पण काय तो पोकळा! लाल देठाचा, लोण्यासारखा शिजणारा. बाजारात शोधून सापडायचा नाही. "मन्ही मायनं बी शे हाई!" नाना आईच्या आठवणीनं सांगतात. दरवर्षी बियाण्यासाठी एक झाड राखायचं आणि त्याला फडकं बांधायचं. "राखीव सीट!"

यंदा चार दिवस गावाला जाताना नाना म्हणाले, "भाऊ, फडकावालं सोडीसन बठ्ठं उपटी टाक. जून व्हई गयं." म्हणजे फडक्याचं झाड ठेवून बाकी सगळं उपटायचं.

मी उत्साही माणूस! फडकं फार मळलेलं दिसलं. आधी ते सोडलं, धुतलं, दोरीवर वाळत घातलं. मग अख्खा वाफा उपटून शेजारच्या बकऱ्यांना खाऊ घातला. हात झटकतोय, तोच दोरीवरचं फडकं मला बघून हललं.

नाना परतले. ओरडले असते तर बरं झालं असतं. बेल न देताच पालथ्या बादलीवर बसले.

"आते हाई बी फक्त पारोळाले शे. अक्काकडे."

"मग आणू की!"

"तिन्हासंगे बोलत नही मी."

भाचीच्या लग्नात पंगतीच्या मानावरून थोरल्या बहिणीशी, म्हणजे अक्कांशी, बिनसलं, त्याला बारा वर्षं झाली होती.

मी तडक पारोळा गाठलं आणि अक्कांना थाप मारली की बी मलाच हवंय. अक्का हसल्या. "रघ्यानी धाडं ना तुले?" पुरचुंडी माझ्या हातात ठेवताना आवाज खाली आला, "येळवर जेवस ना तो?"

पुरचुंडी नानांनी उघडलीसुद्धा नाही. "तिनी काय विचारं?"

मी सांगितलं. मग कुठे नानांनी पुरचुंडी सोडली आणि वाफा उकरून बी पेरलं.

महिन्याभरानं एका सकाळी टोले पडलेच नाहीत. वाफा खुडलेला, नाना गायब! शोधत स्टँडवर गेलो. पारोळ्याच्या गाडीत खिडकीच्या सीटवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पहिली जुडी बसली होती. नाना शेजारी उभे. कुणी बसायला आलं की हात आडवा घालत होते,

"राखीव शे!"