सुंदरेशन अण्णांचं कोलम

सुंदरेशन अण्णांना कुणी 'मद्रासी' म्हटलं की ते हातातलं काम टाकून भांडायला उभे राहत. "मद्रास किधर है? नक्शे में दिखाओ! हम कुंभकोणम का है!" आखाती देशातल्या, रिग्गई भागातल्या या इमारतीत मी राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी मीही ही चूक केली. समोरच्या दारातून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम गुजराती है ना?" मी नाशिकची! माझा पारा चढलेला बघून म्हणाले, "गुस्सा आया? हमको रोज आता." तेव्हापासून आमची गट्टी जमली.

साठीचा हा एकटा माणूस राई नावाच्या भागातल्या शोरूममध्ये नोकरीला. रोज सकाळी लुंगी सावरत दारासमोर तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, काढायचा. ते पुरं व्हायच्या आत हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, फडकं घेऊन हजर. "चींटी आता है!"

"चींटी के वास्ते ही है! वो भी सुबह खाएगा," अण्णा गरजत.

इमारतीतल्या आपल्याच मराठी लोकांचा मला जास्त संताप यायचा. गणपतीत लिफ्टपर्यंत रांगोळ्या घालणारे हे शहाणे अण्णांना हसत. म्हणे, बायकांची कामं करतो! अरे, तुमच्या बापाचं काय जातं?

एके दिवशी अण्णांचं दार कोरं दिसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी हारिसला धारेवर धरलं. तो शपथेवर म्हणाला, "मैंने नहीं पोंछा. उसने बनाया ही नहीं."

म्हणजे छळून छळून हरवलंत ना म्हाताऱ्याला! मी तणतणत घरातून रांगोळीचा डबा आणला आणि अण्णांच्या दारात लालभडक कमळ काढलं. म्हटलं, आता पुसून दाखवच.

तेवढ्यात दार उघडलं. अण्णांची दाढी वाढली होती. कमळाकडे बघत म्हणाले, "अम्मा गया. परसों. हम पहुंचने तक कौन रुकता? उसी दिन सब हो गया."

सुतकाच्या दारात मी रांगोळी घातली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसायला वाकले, तर त्यांनी हात धरला.

"बेटी नहीं था, तो हमको सिखाया. हम रोज फोटो भेजता था. अम्मा रोज डांटता था, लाइन टेढ़ा है."

बोलता बोलता त्यांनी माझ्या कमळाचा फोटो काढला आणि सवयीनं अम्माला पाठवूनही दिला. मग फोन हातात धरून, ओरडा यायची वाट बघत, तिथंच दारात बसून राहिले.