शेरशाह गेला त्या तारखेला

वत्सलाच्या लग्नाची तारीख पहिल्यांदा मोडली ती इब्राहिम लोदीमुळे. आता तारापूरच्या कोळीवाड्यातल्या पोरीचा आणि दिल्लीच्या सुलतानाचा संबंध काय, म्हणाल! तो जुळवला तिच्याच होणाऱ्या नवऱ्याने.

महादू पालघरच्या शाळेत इतिहास शिकवायचा. कोणतीही तारीख कानावर पडली, की त्या दिवशी कोण मेलं हे सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. वत्सलाचा बाप जिवल्या हा बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तानच. वादळाला भीत नसे, पण अपशकुन म्हटला की हातपाय गार. त्यातून कोळ्यांची लग्नं भांगाच्या दिवसांत, भरती नरम नि जाळी रिकामी असतात तेव्हाच. एकवीस एप्रिल ठरला.

"वा! याच दिवशी पानिपतावर लोदी पडला," महादू म्हणाला, आणि जिवल्याने सुपारी परत घेतली. मग सहा मे निघाला.

"त्या दिवशी रोम लुटलं गेलं!"

"ते कुठं हाय?"

"इटलीत. समुद्राजवळच."

"मंग नको!"

उरला बावीस मे. पुढे पाऊस, म्हणजे थेट दिवाळीनंतर. वत्सलाचा जीव टांगणीला लागला. बोंबील वाळत घालताना ती पालघरच्या रस्त्याकडे बघत राही आणि कावळे अर्धे बोंबील पळवत. "या खेपेला तोंड उघडू नका, पाया पडते," तिने महादूला विनवलं.

बोलणी करताना महादू ओठ मिटून बसला. पण जिवल्यालाच राहवेना. "गुरुजी, बावीसला कोन मेला?"

महादू खोटं कसलं बोलतोय! "शेरशाह सूर. दारूगोळ्याचा भडका उडून."

"रद्द!"

वत्सला रडकुंडीला आली. "बाबा, तुमचं लगीन कवा झालं?"

आई इंदुबाई आतून म्हणाली, "आता थंडीत शालेत झेंडा लावतात ना, तेच्या दुसऱ्या दिवशी."

"सत्तावीस जानेवारी! हुमायून जिन्यावरून पडून मेला," महादूच्या तोंडून निसटलंच.

जिवल्याचा चेहरा पडला. मग तो उसळला. "मेला तर मेला! आमाला काय झालं? तीस वर्सं सुखात हाव. काय ग, हाईस ना सुखात?"

इंदुबाई दारात आली. पदर डोळ्यांना लावून ती हसत होती की रडत होती, कुणाला कळेना.

"तीस वर्सं वाट बघितली, कवा इचारतील म्हून. आज इचारलं, ते पन वरडून."

जिवल्याने मान खाली घातली. सुपारी पुन्हा महादूपुढे सरकवत तो म्हणाला, "बावीसलाच करा."

इंदुबाई महादूकडे वळली. "जावईबापू, कोन कवा मेला ते शालेत सांगा. माज्या पोरीला रोज इचारत जा, कशी हाईस."