राखणदाराच्या वळणापुरता

माझा दादा वारला आणि तेराव्यानंतर लगेच त्याला माझ्या हेल्मेटमध्ये रस्ता सांगायची नोकरी लागली.

आधी हेल्मेटमधल्या हेडसेटवर एक बाई रस्ता सांगायच्या. एका सकाळी त्या म्हणाल्या, "पुढे सरळ जा. माझी बदली झाली आहे. उद्यापासून दिगंबर गोताड आपल्याला मार्ग सांगतील." मी सरळ गेलो. दुसऱ्या दिवशी हेल्मेट घातलं, तर दादा म्हणाला, "बाळ्या, आधी स्टॅन्ड वर घे."

मी स्टॅन्ड वर घेतला. मग परत खाली केला, बेकरीच्या मागे गेलो आणि लाकडांच्या ढिगावर बसून रडलो. परत आलो तेव्हा तो म्हणाला, "झालं? पाव गार होतायत."

आम्ही दोघं मोटारसायकलवरून पाव विकायचो. खाडीकडची गावं माझ्याकडे आणि घाटावरच्या वाड्या दादाकडे. तो गेल्यावर सगळंच माझ्याकडे आलं. वरचे रस्ते मला ठाऊक नव्हते, आणि पाट्या वाचायला मला वेळ लागतो. सातवीनंतर शाळेत गेलो नाही. त्यामुळे त्याची नेमणूक माझ्या सोयीचीच झाली. कुठल्या घरचा कुत्रा सुटा असतो, कोणाला कडक पाव लागतो, हे बाईंना कुठे माहीत होतं?

नियम असा होता की रस्त्याचं बोलायचं आणि गाणी लावायची. घरचं बोलायचं नाही. एकदा मी विचारलं, "दादा, तिकडे कसं आहे?"

तो म्हणाला, "पुढे खड्डा आहे."

मी गाडी बाजूला घेतली. खड्डा होताच.

वहिनीला ट्रंकेची किल्ली सापडत नव्हती, तेव्हा तिनं हेल्मेट मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. दादा तिला म्हणाला, "सरळ जा. चुलीपाशी उजवीकडे. थांब. फळीवर हात घाल, अजून आत. पोहोचलीस." हेही रस्त्याचंच बोलणं धरलं गेलं. किल्ली हातात आली तरी वहिनीनं हेल्मेट काढलं नाही. भात करपला.

"आवाज तोच आहे," ती नंतर म्हणाली. "घसा थोडा बसलाय."

गाणी तो स्वतःच्या आवडीची लावायचा, शिमग्यातल्या नमन-खेळ्यांची, मृदंगाची. वळण आलं की गाणं आपोआप बंद व्हायचं. वळणावर वळण ऐकायचं, असं तो जिवंत असतानाही म्हणायचा.

अडचण एकच झाली. घाटाच्या मध्यावर राखणदाराचा, म्हणजे रस्ता राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. आमच्याकडे कुठलीही गाडी तिथून दोनदा हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नाही. तो हॉर्न वरच्या वाडीत ऐकू जातो. दादाचा हॉर्न ऐकला की लोक चुलीवर चहा ठेवायचे, आणि पाव पोहोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा. पण दगडाच्या पुढचं जे डावं वळण आहे, तिथेच दादा गेला. चिऱ्यांचा ट्रक उतरत होता.

त्या वळणावरून तो मला नेईना. अलीकडच्या फाट्यावर यायचा आणि म्हणायचा, "उजवीकडे घाल." मग रानातून, पलीकडच्या गावाला वळसा घालून आम्ही वाडीत पोहोचायचो. हॉर्न नाही म्हणून चहा नाही. पावही तोवर चामड्यासारखे व्हायचे. शेवटी वाडीतल्या तात्या भुवडांनी तक्रार केली. माझ्याकडे नाही, हेडसेटवाल्यांच्या कचेरीत.

कचेरीतून मुळ्ये नावाचे निरीक्षक आले. सकाळी बेकरीच्या दारात उभे राहिले, स्वतःचा जादा हेडसेट कानाला लावला आणि थोडा वेळ नुसतं ऐकलं.

"हे तुम्हाला बाळ्या म्हणतात?"

"हो."

"आपण म्हणायचा नियम आहे."

"दादानं मला आपण म्हटलं तर मी गाडीवरून पडेन, साहेब."

मुळ्यांनी विचार केला. "मग सुरक्षिततेसाठी सूट देता येईल. पण रस्ता टाळणं चालणार नाही. आज घाटानंच जायचं. वळणावर त्यांनी सूचना दिल्या तर कायम होतील. नाही दिल्या तर सेवा संपेल, बाई परत येतील."

"संपेल म्हणजे? बदली करा ना कुठेतरी."

"बदली बाईंची होते. त्या जिवंत आहेत."

माझं डोकं फिरलं. मी हेल्मेट उचललं आणि म्हणालो, "हे खाडीत फेकीन, आणि मागोमाग तुम्हालाही."

"हेल्मेटचा दंड भरावा लागेल," मुळ्ये म्हणाले.

हातातल्या हेल्मेटमधून दादा बोलला, "बाळ्या, साहेबांना नीट बसव. पावाचा डबा त्यांच्या मांडीवर दे."

निरीक्षक डबा पोटाशी धरून मागे बसले. निघालो. पुलापर्यंत दादानं छान गाणं लावलं. चढ लागला तसा तो गप्प होत गेला. फाटा आला.

"उजवी..." तो म्हणाला आणि थांबला.

मी सरळ गेलो. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "राखणदाराला हॉर्न दे."

मी दोनदा दिला.

"हा इशारा कोणासाठी?" मुळ्यांनी विचारलं.

"राखणदारासाठी."

"ते कोण?"

"इथले मोठे साहेब."

मुळ्ये डबा सांभाळून ताठ बसले.

मग वळण दिसलं आणि हेडसेटमध्ये काहीच येईना. हेडसेट बंद पडला नव्हता. दादाचा श्वास ऐकू येत होता, डबा घेऊन जिना चढल्यावर यायचा तसा.

"श्वास सूचनेत धरत नाहीत," मुळ्ये हळूच म्हणाले.

जे तोंडात आलं ते मी बोललो. "दादा, पुढे डावं वळण आहे. गाणं बंद आहे. मी गाडी हळू केलीय. कडेनं घेतोय. समोरून कोणी नाही."

श्वास चालू होता.

"अर्ध्यावर आलोय. रस्ता कोरडा आहे. ट्रक नाही, दादा. आता करवंदीची जाळी दिसतेय. जाळी मागे गेली. वळण संपलं."

मग दादा म्हणाला, "पुढे चढ आहे. दुसऱ्यात टाक."

मी दुसऱ्यात टाकली. मुळ्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारून थांबायला सांगितलं. उतरले. डबा त्यांनी खाली ठेवला नाही.

"वळणावर सूचना दिल्या गेल्या," ते म्हणाले. "वेळेवर आणि बरोबर. पण त्या तुम्ही दिल्यात."

"हो."

"मार्गदर्शकाला मार्ग सांगितलात."

"त्याला दिसत नव्हतं म्हणून."

त्यांनी मागच्या करवंदीच्या जाळीकडे बोट केलं. "वळणावर मार्गदर्शकानं बोललं पाहिजे, एवढाच नियम आहे. ऐकणारा कोण असावा, याबद्दल काही नाही. तेव्हा या वळणापुरता मार्गदर्शक तुम्ही. दगडापासून जाळीपर्यंत. बाकी रस्ता त्यांचा. शिक्षण किती?"

"सातवी."

"वळणाला पुरेल."

"आणि दादा?"

"कायम."

"साहेब," दादा हेडसेटमधून म्हणाला, "पाव गार होतायत."

मुळ्ये लगेच बसले. वाडीत पोहोचलो तर तात्या भुवड अंगणात उभे होते आणि आत चहा उकळत होता.

"हॉर्न दिगूचा वाटला," तात्या म्हणाले.

"द्यायला त्यानंच सांगितला."

"मग बरोबर आहे. हे कोण?"

"तुमच्या तक्रारीचे साहेब."

"मग त्यांना मोठा कप द्या," तात्या आत बघून म्हणाले. मुळ्यांनी तीन पाव बुडवून खाल्ले आणि तक्रार निकाली निघाली असं तोंडीच सांगितलं.

आता रोज घाटानंच जातो. दगडापाशी दादा म्हणतो, "राखणदाराला हॉर्न दे." मी देतो. तिथून माझं काम सुरू होतं. डावं वळण आहे, गाडी हळू केलीय, कडेनं घेतोय, सगळं सांगतो. कधीकधी मध्येच तो विचारतो, "समोरून कोणी?"

"कोणी नाही, दादा."

"नीट बघ."

मी नीट बघतो. करवंदीची जाळी मागे जाते. "वळण संपलं," मी सांगतो.

"मग दुसऱ्यात टाक," दादा म्हणतो, "आणि कुठलं गाणं लावू ते सांग."