बोर्डाची पाळत

माझा गुडघा खरंच निकामी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हीही बोर्डाच्या बाजूला जाल. लष्करात ट्रक चालवत होतो. एकदा ट्रक कलंडला, मी वाचलो, गुडघा गेला. वैद्यकीय बोर्डाने अपंगत्व ठरवलं वीस टक्के! (उरलेल्या ऐंशी टक्के गुडघ्याने मी जिने चढावेत, अशी अपेक्षा असावी.) मी अपील केलं: टक्के वाढवा, आणि सैन्यातल्या अपघातामुळे मी कामाला असमर्थ झालोय, हेही मान्य करा.

पलटणीतल्या जुन्या मित्राने फोनवर कानमंत्र दिला, "सांभाळून रे. बोर्डाची माणसं पाळत ठेवतात."

झालं! त्या दिवसापासून घरातसुद्धा काठी घेऊनच चालायचं ठरवलं. समोरचा नवा भाडेकरू मी गॅलरीत आलो की नेमका कपडे वाळत घालायचा. एकट्या माणसाला एवढे कपडे असतात? गॅसवाल्याने "काय, बरंय ना?" विचारलं, तर मी "अजिबात नाही!" म्हणून दार लावून घेतलं. (सिलिंडर बाहेरच राहिला.)

"अहो, खरंच दुखतंय ना? मग नाटक कशाला?" बायको कावली.

"हळू बोल! भिंतींना कान असतात."

"असू देत. त्या भिंतीला टेकून बसलाय तेवढं उठा, केर काढायचाय."

सुनावणीला बायकोला साक्षीदार म्हणून नेलं. मी काठीवर रेलून कण्हत बसलो होतो. इतक्यात बोर्डाचे अध्यक्ष आत आले. युनिफॉर्ममधले कर्नलसाहेब! डोक्याने काही ठरवायच्या आत माझं अंग ताडकन उठलं, टाचा जुळल्या, सॅल्यूट ठोकला गेला. काठी टेबलाखाली घरंगळली.

"अरे वा," बोर्डाचे डॉक्टर म्हणाले, "हे तर उड्या मारतात!"



"उठलेत खरे," बायको शांतपणे म्हणाली. "आता बसवून दाखवा."

गुडघा अडकला होता. कर्नलसाहेब 'विश्राम' म्हणाले, डॉक्टरांनी खांदे दाबून पाहिले. शेवटी दोन शिपायांनी मला कपाटासारखं तिरकं करून खुर्चीत ठेवलं. डॉक्टरांनी निमूटपणे टक्के वाढवले. बायकोचे पाय धरावेसे वाटले, पण वाकता येत नव्हतं.

"आणि यांच्याकडून काहीच काम होत नाही?" कर्नलसाहेबांनी तिलाच विचारलं.

"काडीचंही नाही."

मी खुललो.

"कधीपासून?"

"सासूबाई सांगायच्या, लहानपणापासून."

कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग त्याला सैन्य कसं जबाबदार?" म्हणाले, आणि तेवढं अपील फेटाळलं.

अख्ख्या गल्लीवर संशय घेतला होता मी. घरच्या माणसावर घ्यायचा तेवढा राहिला.